'लक्ष्मण'मधला ण कुठे जातो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला (३ ऑक्टोबर २०२४ ला) तेव्हापासून तुमच्या पत्रव्यवहारात दुकानाच्या पाट्या, बँकेतली हिंदी, शाळांची माध्यमं यावर भरपूर पत्रं येतायत, ती मी वाचतो आणि बऱ्याच जणांचं पटतंही. माझं पत्र जरा वेगळ्या गोष्टीवर आहे आणि थोडं टेक्निकल आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. विषय असा की सी भाषेतल्या प्रोग्रामने फाइलमधून मराठीची एक ओळ, फक्त एक ओळ, नीट कशी वाचायची. तुम्ही म्हणाल हा काय पेपरात छापायचा विषय आहे का, पण पुढे वाचा, यात माझ्या चुलत्यांचं नाव गेलंय आणि एका पोरीची नोकरी जाता जाता राहिलीय.

आमच्या गावच्या सोसायटीत (नाव लिहीत नाही, माणसं आपलीच आहेत) खताच्या पावत्या कॉम्प्युटरवर निघतात. मशीन जुनं आहे, लिनक्स आहे, आणि त्यावर सी मधे लिहिलेला एक छोटा प्रोग्राम आहे जो दहाबारा वर्षांपूर्वी कुणीतरी करून दिला आणि नंतर तो माणूस काय परत फिरकला नाही. प्रोग्राम साधा आहे, सभासदांची यादी एका फाइलमधे, पहिल्या ओळीवर नाव, दुसरीवर वडिलांचं नाव, तिसरीवर आडनाव, चौथीवर गाव, की पुढचा सभासद सुरू. चार ओळी वाचायच्या, पावतीवर छापायच्या, झालं. सुरुवातीला यादी इंग्रजीत होती तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. मग वरून सांगणं आलं की पावत्या मराठीत द्या, म्हणून यादी मराठीत टाइप केली आणि प्रोग्राम मात्र तोच ठेवला.

माझ्या चुलत्यांचं नाव लक्ष्मण. पावतीवर यायचं 'लक्षमण'. अर्धा ष नाही, म सुटा, लक्ष मण असं काहीतरी वाचायला लागायचं. पांडुरंगाचा 'पांडू' झालेला, तुकारामाचा 'तुका'. आम्ही सगळे इतकी वर्षं जुन्या ऑपरेटरला नावं ठेवायचो की याला शुद्धलेखन येत नाही, आणि 'पांडू' म्हणजे तर जरा अपमानच वाटायचा म्हाताऱ्यांना. मग तो ऑपरेटर रिटायर झाला आणि त्याच्या जागी नवीन मुलगी आली, बावीस-तेवीसची, मराठी टायपिंग चांगलं, हौशी. तिने बसून सगळी नावं आधार कार्डाप्रमाणे शुद्ध केली. लक्ष्मण, पांडुरंग, तुकाराम, ज्ञानेश्वर, सगळं व्यवस्थित. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत जो गोंधळ झाला तो विचारू नका. चुलत्यांच्या पावतीवर नाव 'लक्ष्म' आणि पुढे प्रश्नचिन्हाचा काळा डबा, वडिलांच्या नावाच्या जागी आणखी दोन डबे, आडनावाच्या जागी वडिलांचं नाव, गावाच्या जागी आडनाव. आणि त्यांच्यानंतर यादीतल्या प्रत्येकाचं असंच, एकाचं गाव दुसऱ्याच्या नावात. सेक्रेटरी तिच्यावर ओरडले की तू फाइल खराब केलीस, आधी नीट चालत होतं. ती रडकुंडीला. मी पूर्वी पुण्यात प्रोग्रामिंगचं काम करायचो हे गावात माहितीय, त्यामुळे मला बोलावणं आलं.

मी कोड उघडला आणि पहिल्या दहा ओळींत उत्तर मिळालं. नाव ठेवायला जागा घेतली होती २० ची. सी मधे एफगेट्स नावाचं फंक्शन असतं, त्याला सांगायचं की या जागेत एक ओळ वाचून दे, जागा एवढी आहे. २० सांगितलं की ते जास्तीत जास्त १९ घेतं, शेवटच्या एका जागेत मजकूर संपल्याची खूण म्हणून शून्य ठेवतं. आता १९ काय? लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं १९ अक्षरं. इंग्रजीत ते खरंच आहे, एक अक्षर एक बाइट (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा ठेवायची जागा). पण आपली देवनागरी हल्ली यूटीएफ-८ पद्धतीने साठवली जाते आणि तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असतं. नुसता 'म' घ्या, फाइलमधे तो २२४, १६४, १७४ असा तीन आकड्यांनी बसलेला असतो. आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, काना वेगळा, वेलांटी वेगळी, पाय मोडायचा हलन्त वेगळा, प्रत्येकाचे ३ बाइट. लक्ष्मण म्हणजे ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, ण. सात चिन्हं, २१ बाइट. एफगेट्सला परवानगी १९ ची. त्याने सहा चिन्हांचे १८ बाइट घेतले आणि ण चा एक बाइट तोडून घेतला, तोच तो काळा डबा. ण चे उरलेले दोन बाइट आणि एंटर फाइलमधेच राहिले, पुढच्या वेळी एफगेट्सने ते उचलले आणि प्रोग्रामला वाटलं ही वडिलांच्या नावाची ओळ. तिथून सगळी गाडी एक डबा मागे.

आता जुन्या ऑपरेटरचं बघा. 'लक्षमण' म्हणजे सहा चिन्हं, १८ बाइट, बसतं. 'पांडू' पाच, बसतं. 'तुका' चार, बसतं. सदाशिव आणि महादेव ही नावं मात्र यादीत कायम बरोबर होती, कारण सहा चिन्हं म्हणजे १८ आणि एंटरचा १, बरोब्बर १९! त्या माणसाला बाइट-बिइट काही माहीत नव्हतं पण त्याने अनुभवाने शोधलं होतं की कुठलं नाव चालतं आणि कुठलं मोडतं, आणि मोडतं ते नाव तो बसेल असं करून टाकायचा. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला अशुद्धलेखन म्हणत होतो ते प्रोग्रामरने जागा कमी घेतल्यामुळे होतं. मला खरं सांगतो त्या दिवशी त्या रिटायर माणसाची मनातल्या मनात माफी मागावीशी वाटली. आणि नव्या पोरीची चूक एवढीच की तिने नावं बरोबर लिहिली.

मी पहिला उपाय केला तो अगदी गावठी, २० चे २०० केले. डबे गेले, गाडी रुळावर आली. तिथे थांबलो असतो तरी चाललं असतं, सेक्रेटरी पण खूश होते. पण पावतीवर कोपऱ्यात नावाचं आद्याक्षर छापायचं होतं आणि यादी आद्याक्षराने शोधायची सोय होती, ती मराठीत आल्यापासून बंदच पडली होती, कारण प्रोग्राम नावाचा पहिला बाइट उचलायचा आणि मराठीत पहिला बाइट म्हणजे अक्षराचा तिसरा हिस्सा. सगळ्या गावाचं आद्याक्षर एकच, डबा. (हे पण गंमतशीर आहे, देवनागरीच्या सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट तोच २२४ असतो, त्यामुळे शोधलं की सगळे सभासद एकदम सापडायचे.) तेव्हा म्हटलं आता नीटच करू, वाइड कॅरॅक्टर वापरू.

वाइड कॅरॅक्टर म्हणजे काय तर एका खणात एक पूर्ण चिन्ह. लिनक्सवर हा खण ४ बाइटचा असतो, विंडोजवर २ बाइटचा. त्यात 'ल' टाकला की पहिल्या खणात पूर्ण ल. आणि अशा खणांमधे फाइलची ओळ वाचायला सी मधे एफगेट्सचा भाऊ आहे, एफगेटडब्ल्यूएस. ही सोय काही आत्ताची नाही हो, सी भाषेचं स्टँडर्ड १९९० चं, त्याला १९९५ साली जी पुरवणी जोडली तिच्यात ही सगळी वाइडवाली फंक्शनं आली. यूटीएफ-८ त्याच्याही आधीची, १९९२ ला केन थॉम्पसन आणि रॉब पाइक या दोघांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत टेबलावरच्या कागदावर तिचा आराखडा काढला होता. युनिकोडमधे (म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना एकेक नंबर देणाऱ्या कोष्टकात) देवनागरी १९९१ पासून आहे. म्हणजे आमच्या ऑपरेटर पोरीच्या जन्माच्या आधी सगळं सामान तयार होतं. वापरलं नाही एवढंच.

आता वापरायला गेलं की काय होतं ते सांगतो, कारण कॉलेजात हे कुणी सांगत नाही आणि पोरं इथेच हात टेकतात. मी एफगेट्सच्या जागी एफगेटडब्ल्यूएस लिहिलं, कंपाइल झालं, चालवलं तर एकही ओळ वाचेना. इंग्रजी ओळ असेल तर वाचतो, पहिलं मराठी चिन्ह आलं की संप. कारण असं की सी चा कुठलाही प्रोग्राम सुरू होताना असं धरून चालतो की आपण 'सी' नावाच्या मुलखात आहोत जिथे फक्त इंग्रजी मुळाक्षरं असतात. त्याला सुरुवातीलाच सेटलोकेल म्हणून सांगावं लागतं की बाबा या मशीनचा मुलूख कुठला ते बघ आणि त्याप्रमाणे बाइटचा अर्थ लाव. एक ओळ, मेनच्या (प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या भागाच्या) सुरुवातीला, कोटेशनमधे काहीही न लिहिता. ती घातली आणि मराठी धाडधाड वाचायला लागला. मग पुढची गंमत. मी हाताने चालवला की चालतो, आणि सकाळी सहाला मशीन आपोआप चालवतं तेव्हा रिकाम्या पावत्या. दोन दिवस डोकं खाल्लं. शेवटी कळलं की आपोआप चालतं तेव्हा मशीनची भाषेची सेटिंगच त्या प्रोग्रामपर्यंत पोचत नाही, मग तो पुन्हा आपल्या इंग्रजी मुलखात. त्या सकाळच्या स्क्रिप्टमधे मराठीचं लोकेल स्पष्ट लिहून टाकलं तेव्हा मिटलं.

आणखी एक जागा आहे पाय घसरायची. जुन्या सवयीने मी जागेचं माप साइझऑफने दिलं, जे जागा किती बाइटची ते सांगतं. एफगेट्सला ते चालतं कारण तिथे एक खण म्हणजे एक बाइट. एफगेटडब्ल्यूएसला मात्र बाइट नाही, खण किती ते सांगायचं असतं. २०० खणांचं साइझऑफ लिनक्सवर येतं ८००, म्हणजे मी त्याला सांगितलं की ८०० खण आहेत, घे बिनधास्त. ओळ लांब असती तर तो शेजारच्याच्या जागेत शिरला असता आणि तिथे काय पुसलं असतं देव जाणे. साइझऑफला एका खणाच्या मापाने भागायचं, एवढंच आहे, पण हे न भागल्यामुळे चालू असलेले किती प्रोग्राम आज कुठे कुठे असतील याचा विचार केला की झोप येत नाही.

आणि छापायचा साधा प्रिंटएफ आणि वाइडवाला डब्ल्यूप्रिंटएफ एकाच ठिकाणी मिसळायचे नाहीत, एकदा स्क्रीनवर साधा वापरलात की त्या स्क्रीनला साध्याचीच सवय लागते, नंतर वाइडवाला गप्प बसतो, एरर पण दाखवत नाही. फाइल वाचतानाही तेच, अर्धी एफगेट्सने आणि अर्धी एफगेटडब्ल्यूएसने असं करायचं नाही. मी प्रिंटएफच ठेवला आणि नाव छापताना पर्सेंट एस (इथे साधा मजकूर छाप ही खूण) च्या जागी पर्सेंट एलएस (वाइड मजकुराची खूण) केलं. ओळीच्या शेवटचा एंटर नावाला चिकटून येतो तो काढून टाकायचा, आणि फाइल विंडोजवरून आली असेल तर एंटरच्या आधी आणखी एक न दिसणारं चिन्ह असतं ते पण काढायचं, नाहीतर 'पाटील' आणि 'पाटील' सारखे होत नाहीत. हे सगळे जण कधी ना कधी शिकतातच.

सगळ्यात भारी प्रकार झाला तो कारखान्याच्या फाइलचा. आमच्या भागात सोसायटीला कारखान्याकडून ऊस नोंदीची यादी येते, कुणाचा किती, कुठल्या गटात, चिटबॉयने काय नोंदवलं वगैरे. ती फाइल विंडोजवर नोटपॅडमधे 'युनिकोड' असं निवडून सेव्ह केलेली, म्हणजे यूटीएफ-१६. त्या प्रकारात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २ बाइटचं. माझ्या आधी कुणीतरी ती एफगेट्सनेच वाचायचा प्रयत्न केला होता आणि 'ऊस' शब्द आला की ओळ तुटते म्हणून नाद सोडून दिला होता. त्याने कोडमधे कॉमेंट लिहून ठेवलेली, 'ऊस नको, शेरडी लिहा' अशी (तो मूळचा गुजरातकडचा असावा बहुतेक). मी आधी हसलो, मग मोजून बघितलं तर तो बिचारा बरोबर होता! युनिकोडच्या कोष्टकात ऊ चा नंबर सोळा-सोळाच्या मोजणीत (जिथे ए म्हणजे १०) ०९०ए आहे, म्हणजे दोन बाइट, एक ९ आणि एक १०. आणि १० म्हणजे एंटर. एफगेट्स बाइट बघतं, त्याला ऊ दिसतच नाही, त्याला दिसतो एंटर, त्यामुळे ऊ च्या पोटातच ओळ तुटते. ऊसाच्या यादीत ऊ वर ओळ तुटणार, म्हणजे बघा! बरं ९ म्हणजे टॅब, तो तर प्रत्येक देवनागरी चिन्हात आहे, त्यामुळे टॅबवर रकाने तोडायला गेलात तर सगळ्या यादीचा भुगा. आणि च चा नंबर ०९१ए, त्यातला दुसरा बाइट २६, जो विंडोजवर साध्या टेक्स्ट पद्धतीने फाइल उघडली तर 'फाइल संपली' असा समजला जातो, डॉसच्या काळापासूनची प्रथा. म्हणजे ऊ ला ओळ संपते आणि च ला फाइल. चव्हाणांच्या पुढे यादी जायचीच नाही. आता चव्हाणांनी कुणाकडे तक्रार करायची?

यूटीएफ-८ मधे हा धोका अजिबात नाही, तिथे इंग्रजी सोडून बाकी कुठल्याही चिन्हाचा प्रत्येक बाइट १२८ किंवा वरचाच असतो, १० कधी येतच नाही, त्यामुळे ओळ अक्षराच्या मधे एंटर समजून तुटू शकत नाही. त्या खानावळीतल्या दोघांनी हे मुद्दाम असंच केलं होतं. म्हणून मी कारखान्याची फाइल आधी आयकॉन्व्ह या कमांडने यूटीएफ-८ करून घेतो आणि मग वाचतो. तरी पहिल्या सभासदाचं नाव शोधल्यावर सापडायचं नाही, कारण फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण बसलेली असते, वाइडमधे वाचली की पहिल्या खणात ती आणि दुसऱ्या खणात नावाचं पहिलं अक्षर. ती दिसली की सोडून द्यायची. नोटपॅड पूर्वी यूटीएफ-८ ला पण ही खूण लावायचं, विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून आपणहून लावत नाही, पण जुन्या फाइली आहेतच की.

आणि एक, हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं मला. एफगेटडब्ल्यूएस रिकाम्या हाताने परत आलं की सगळे धरून चालतात फाइल संपली. पण ते दोन कारणांनी रिकामं येतं, एक फाइल संपली आणि दुसरं मधे एखादा वेडावाकडा बाइट आला ज्याचं चिन्ह होत नाही. आमच्या यादीत मधेच कुणीतरी युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमधली दोन नावं कॉपी करून चिकटवली होती. प्रोग्राम तिथे थांबला, म्हणाला संपली यादी, आणि त्याच्या पुढचे सगळे सभासद पावतीला नाहीत. एरर नाही, काही नाही, सगळं शांत. फेरर नावाच्या फंक्शनला 'काही चूक झाली का' असं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण विचारायला कुणी शिकवलंच नव्हतं, शिकवलं होतं ते एफईओएफ ('फाइल संपली का' विचारणारं फंक्शन) लावून गोल गोल फिरायचं, ज्याने शेवटचा सभासद दोनदा येतो.

आता कुणी म्हणेल सी कशाला वापरता अजून, पायथन घ्या. घ्या की. पण पायथनचा जो नेहमीचा इंटरप्रिटर आहे तो आतून सी मधेच लिहिलेलाय, आणि विंडोजवर एन्कोडिंग न सांगता फाइल उघडलीत तर तिथेही मराठीची वाट लागते हे मी बघितलंय. आणि गावोगावच्या सोसायट्या, काटे, गिरण्या, छोट्या पतसंस्था यांच्याकडे जे चालू आहे ते असलंच आहे, दहा वर्षं कुणी हात लावलेला नसतो.

एक कबूल करायला पाहिजे, वाइड कॅरॅक्टर हा रामबाण नाही. एक खण म्हणजे एक चिन्ह, एक अक्षर नव्हे. 'महाराष्ट्र' हा शब्द आपण चार अक्षरी म्हणतो, म, हा, रा, ष्ट्र. वाइडमधे त्याचे खण होतात १०, आणि यूटीएफ-८ मधे बाइट ३०. जागा आठ खणांची असली (त्यातला एक शेवटच्या शून्याचा) तर 'महाराष्' एवढंच येतं, पाय मोडलेला ष, आणि ट्र पुढच्या पावतीवर. डबे येत नाहीत पण शब्द मोडतोच. आद्याक्षर काढलं तर श्रीपतीचं 'श' येतं, 'श्री' येत नाही. आणि ॲडव्होकेटमधला ॲ बघा, तो युनिकोडमधे मराठीसाठी एक स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मधे आला, त्याच्या आधी लोक अ वर चंद्र काढून दोन चिन्हांनी लिहायचे, अजूनही लिहितात, डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात पण प्रोग्रामला ते दोन वेगळे वकील. अक्षर म्हणजे काय हे खरं मोजायला आयसीयू सारखी वेगळी लायब्ररी लागते. ते असू दे, मी सोसायटीला तेवढं केलं नाही, जागा ऐसपैस घेतली आणि नाव कुठेही कापत नाही, बस. आणि खरं विचाराल तर नुसती ओळच वाचायची असेल तर मी आज वाइडच्या नादी न लागता बाइटमधे पूर्ण ओळ घेईन, लिनक्सवर गेटलाइन आहे ती जागा आपोआप वाढवते, आणि मग ती ओळ एकदम वाइडमधे बदलेन. गेटलाइनला वाइडवाला भाऊ नाही हे एक वाईट झालं.

तर माझं म्हणणं कुणाला आहे? आपल्या इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निक कॉलेजांना. सी पहिल्या वर्षाला सगळीकडे आहे. प्रॅक्टिकलमधे 'फाइलमधून ओळी वाचून दाखवा' हा प्रयोग पण सगळीकडे आहे. त्या फाइलमधे काय असतं? हॅलो वर्ल्ड. नाहीतर ए बी सी डी. कित्येक ठिकाणी अजून ती निळी स्क्रीन, टर्बो सी, नव्वदच्या आसपासचा कंपायलर, ज्याला एफगेटडब्ल्यूएस हा शब्दच माहीत नाही कारण तो त्या १९९५ च्या पुरवणीच्या आधीचा आहे. पोरगं महाराष्ट्रात शिकतं, त्याचं स्वतःचं नाव मराठीत आहे, पुढे तो आपल्याच गावच्या सोसायटीचा, ग्रामपंचायतीचा नाहीतर दवाखान्याचा प्रोग्राम लिहिणार आहे, आणि पूर्ण चार वर्षांत एकदाही त्याच्या प्रोग्रामला मराठीची एक ओळ दाखवली जात नाही. मी काही सिलॅबस बदला म्हणत नाही, समित्या नेमा म्हणत नाही. त्या प्रयोगाच्या फाइलमधे फक्त पाच नावं मराठीत टाका, एक लक्ष्मण, एक ज्ञानेश्वर, एक चव्हाण, एक श्रीपती आणि एक ॲड. कुलकर्णी. आणि परीक्षकाने विचारावं, दाखव छापून. ज्याचा डबा येईल तो तिथेच शिकेल.

आणि दुसरं, जे ऑनलाइन फॉर्म करून घेतात त्या सगळ्या ऑफिसांना. फॉर्मवर 'कमाल २० अक्षरे' असं लिहिता तेव्हा ती कुणाची २० अक्षरं, माणसाची, की खणांची, की बाइटची, हे एकदा तुमच्या कंत्राटदाराला विचारा. त्याला प्रश्न कळला नाही तर समजून जा. आणि लोकांच्या नावात चूक दिसली की लगेच प्रतिज्ञापत्र आणा, गॅझेट करा असं सांगू नका, चूक तुमच्याच मशीनची असू शकते. माझ्या चुलत्यांनी बँकेत नाव जुळत नाही म्हणून शंभरचा स्टँप घेऊन 'लक्ष्मण आणि लक्षमण ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे' असं लिहून दिलंय, वयाच्या ७४ व्या वर्षी, दोन बाइटसाठी.

आता पावती नीट येते. मी पहिली पावती घेऊन मुद्दाम त्यांना दाखवायला गेलो, म्हटलं आण्णा, बघा, तुमचं नाव आलं बघा पूर्ण. त्यांनी चष्मा लावला, नावाकडे बघितलंच नाही, खाली युरियाचा दर बघितला आणि म्हणाले हा एवढा कसा, हे पण त्या पोरीनंच केलं का.

आपला,
एक जुना वाचक (नाव छापू नये)
ता. कराड, जि. सातारा

ता. क. : हे पत्र युनिकोडमधे टाइप करून मेल करतोय. तुमच्या डीटीपीत ते श्रीलिपीत नाहीतर अजून कशात बदलावं लागत असेल, गेल्या वेळच्या माझ्या पत्रात 'दुसऱ्या' मधला अर्धा र जाऊन तिथे डबा आला होता. यावेळी निदान लक्ष्मणचा ण आणि ऊसाचा ऊ तेवढा छापायच्या आधी एकदा बघून घ्या.